ठकीचे व्यायाम

१४ नोव्हेंबर १९७२, मंगळवार

पहिल्याच फेरीत चपलेचा अंगठा तुटला. मिरजगावला यष्टीतून उतरले तेव्हा धड होता, वस्तीच्या पायवाटेत त्यानं राम म्हटला. उरलेली वाट एक चप्पल पायात, एक हातात. बांधावरच्या बाया पदराआड हसत होत्या. हसा म्हणावं. पाऊस नाही, पीक नाही, निदान करमणूक तरी झाली त्यांची.

इस्पितळातली नोकरी बरी होती. पोलिओची मुलं यायची, टेबलावर झोपायची, मी त्यांचे व्यायाम करून घ्यायची. आता संस्थेनं नवी टूम काढली आहे. मुलाला इस्पितळात आणायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं आणि आईला शिकवायचं. तेही लहानपणीच, सांधे धरायच्या आत. विचार वाईट नाही. पण विचार करणारे नगरला पंख्याखाली बसतात आणि चालायला पुष्पावती.

घर कोंडीराम म्हाताऱ्याचं. तो, त्याची बायको छबूबाई, सून सुमन आणि नात भीमा. मुलगा मच्छिंद्र ऊसतोडीला राहुरीकडं गेलाय. भीमा दोन वर्षांची झाली तरी बसत नाही. मान धरते, डोळे चकचकीत, हसली की गालाला खळी पडते. पण पाय लाकडासारखे ताठ आणि एकमेकांवर चढलेले. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला, मेंदूला इजा झाली. छबूबाईच्या मते सुनेनं ग्रहणात भाजी चिरली. म्हटलं, ग्रहणाचं राहू द्या, पायांचं बघू. रोज पाय दुमडले, फाकवले, मांडीवर दोन्हीकडं पाय सोडून बसवलं, तर ही पोर बसेल. नाही केलं तर खुब्याचे सांधे धरतील आणि मग सुरीशिवाय इलाज नाही. सुरीनंही बसेल याची खात्री नाही.

"सुमन, घे तिला मांडीवर," म्हटलं. सुमननं पदर आणखी पुढं ओढला. ओसरीवर म्हातारा खाकरला. "अगं, घे ना!" हात जिथल्या तिथं.

"तिला न्हाई जमायचं, बाई. मी हाय की," छबूबाई म्हणाली.

शेवटी सगळं मीच केलं. भीमा आधी रडली, मग हसली. इतकी ठोंब आई मात्र मी इस्पितळातही पाहिली नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दर शनिवारी चिंतन-बैठक. हे नाव आमच्या मोठ्या बाईंचं, त्या परदेशात शिकून आल्यात. गोल करून बसायचं आणि आठवडाभर काय केलं त्यावर बोलायचं. मी भीमाचं सांगितलं.

"तू केलंस. आईनं काय केलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग फेरी तुझी झाली, भीमाची नाही झाली. आणि तुला काय वाटलं?"

मला भूक लागली होती, असं मी सांगितलं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

मग हुकूम सुटला. पुढल्या फेरीला पोरीला हात लावायचा नाही. "हात मागे बांध, पुष्पा. तू हात लावलास की ती तुझी पेशंट होते. आईला करू दे, चुकू दे. मग तिलाच विचार, काय जमलं, काय नाही."

उंटावरून शेळ्या हाकतात त्या या अशा. जिला स्वतःची पोर मांडीवर घ्यायला सांगावं लागतं, तिला मी काय विचारू? पण ठीक आहे. हात लावू नको म्हणता ना? बोटसुद्धा लावणार नाही. घरमालकीणबाईंकडून एक ठकी शिवून घेतली. चिंध्या भरलेली बाहुली, गुडघ्यात आणि खुब्यात वाकणारी. सगळं हिच्यावर दाखवीन. बघू मग बाई काय म्हणतात.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

ठकी लागू पडली!

सगळ्यांना ओसरीवर बसवलं. म्हाताऱ्यालाही मुद्दाम बोलावलं, घरातल्या प्रत्येक माणसानं शिकलं पाहिजे. तो आला, खाकरला आणि खांबाला टेकून भलतीकडं बघत बसला. यांना आपल्या नातीचंही काही नाही. मी ठकी मांडीवर घेऊन पाय दुमडून दाखवले, फाकवून दाखवले, कमरेला धरून बसवून दाखवली. मग सुमनकडं दिली. आणि काय सांगू, तिनं ठकीला अलगद घेतलं आणि एकदा पाहिलेलं जसंच्या तसं केलं. बोटं किती हलकी!

"शाब्बास. आता भीमाला घे."

पदर पुढं. हात मांडीवर.

"ठकीवर येतं आणि पोरीवर येत नाही?"

छबूबाईनं ठकी ओढून घेतली आणि तिनंही नीट करून दाखवलं. विचारायचं असतं म्हणून विचारलं, "काय जमलं, काय नाही?"

"समदं जमलं."

"रोज दोन वेळा करायचं, सकाळी आणि दिवेलागणीला. एक दिवस चुकवायचा नाही. समजलं?"

"व्हय."

ठकी तिथंच ठेवून आले. भीमा गोधडीवर आडवी पडून आमच्याकडं बघत होती. तिला मी हात लावला नाही. नियम म्हणजे नियम.

२ डिसेंबर, शनिवार

वाटलं होतं, बाई पाठ थोपटतील. "भीमाला कोणी घेतलं?" एवढंच विचारलं.

"घेतील ना."

"हे तुला कसं कळलं?"

ते व्हय म्हणाले, असं सांगितलं. बाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मला असल्या बघण्याचा राग येतो. बोलायचं तर बोला.

१२ डिसेंबर, मंगळवार

ताप. डॉक्टर विषमज्वर म्हणतात. स्टँडवरच्या रांजणातलं पाणी प्यायले त्याचं हे बक्षीस. फेऱ्या बंद. निदान बैठकाही बंद. भीमाचे व्यायाम चालू आहेत तोवर काळजी नाही.

२ जानेवारी १९७३, मंगळवार

कुठून सुरू करू?

पोचले तेव्हा छबूबाई माझ्या वाटेकडं डोळे लावूनच होती. "बाई, एक दिस चुकवला न्हाई बगा!" म्हणाली. मला आनंद झाला, इतक्या दिवसांच्या तापानंतर पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, दाखवा. तिनं हातपाय धुतले, भिंतीतल्या देवळीतून ठकी काढली. ठकीच्या कपाळाला हळदकुंकू. खुब्याची शिवण झिजून चिंध्या बाहेर आलेल्या, इतकी मेहनत. छबूबाईनं ठकीचे पाय दुमडले, फाकवले, तिला बसवलं, सगळं अगदी मी शिकवलं तसं. मग ठकीला नमस्कार केला आणि देवळीत ठेवून दिली.

मी वाट बघत होते. "आणि भीमाला?"

"तिला काय?"

"तिला कोण करतं?"

"तिला कशाला? ती रडती. हिला केलं की पोचतं तिला."

मला आधी कळेचना. मग तिनं मला, अडाण्याला समजवावं तसं समजावलं. पाय दुखला तर माळावरच्या देवीला चांदीचा पाय वाहतात, डोळे आले तर चांदीचे डोळे. देवीपाशी ते पोचतं, आणि दुखणं उतरतं. "तुमी तरी कुटं पोरीला हात लावला? सवता ठकीलाच केलं की समदं! म्हनलं, बाईंचा बी ह्योच इलाज हाय."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! इतके दिवस ऐकलेली म्हण आज माझ्या डोळ्यांसमोर हळदकुंकू लावून बसली होती. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. भीमा गोधडीवर होती तशीच, उलट गुडघे मागच्यापेक्षा घट्ट. सुमन भिंतीकडं तोंड करून रेशनची मिलो ज्वारी निवडत होती. तिला म्हटलं, "तू तरी बोलायचंस! तुला कळत नव्हतं?" तिचे हात सुपात थांबले. बाहेर म्हातारा खाकरला. सुमनचे हात पुन्हा निवडू लागले.

६ जानेवारी, शनिवार

बैठकीत सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, कोणी हसलं नाही. मला तर रडू येत होतं.

"हात मागे बांध म्हटलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "डोळे आणि डोकं बांध असं नव्हतं म्हटलं."

हे खरं आहे, म्हणून जास्त झोंबलं. बाईंनीच काहीतरी अर्धवट सांगायचं आणि वर हे. आता चिंतन बास. मंगळवारी मी माझ्या हातांनी काय ते करीन.

९ जानेवारी, मंगळवार

केलं. आणि पार विचका झाला.

भीमाला उचललं आणि सुरुवात केली. इतके वाया गेलेले दिवस एका दुपारी भरून काढायचे होते. ती रडायला लागली. रडली की पाय आणखी ताठ होतात, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. तरी मी थांबले नाही. ती अशी ओरडली की शेजारची लंकाबाई धावत आली. सुमन दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

कोंडीराम ओसरीवरून उठला. आजवर माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. "बाई, पोर मारता का काय? माज्यानं बगवत न्हाई. पाडव्यापत्तर वाट बगतो. बसली तर बसली. न्हाई तर तुमी येऊ नका, तिचं नशीब तिच्यापाशी."

बरोबर आहे. मी पाडव्यानंतर येणार नाही. मग ही पोर आयुष्यभर त्या गोधडीवरून आढं मोजत पडेल, आणि मी नगरला शनिवारी मला काय वाटलं ते सांगत बसेन. परतताना यष्टीत शेजारचीनं विचारलं, डोळ्यांत काय गेलं? धूळ, म्हटलं.

२३ जानेवारी, मंगळवार

आज घरात फक्त म्हातारा. छबूबाई लेकीच्या बाळंतपणाला घोडेगावला गेलीय, सून खडीवर. "अन् भीमा?" तर म्हणे तीपण. पुरुषमाणसाला पोर सांभाळता येत नाही, म्हणून दुष्काळी कामावर न्यायची! संतापानं तशीच निघाले. भर उन्हात तिथवर तंगडतोड.

जेवणाची सुट्टी होती. फुटलेल्या खडीचे ढीग, पलीकडं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बाया. त्यांच्यात सुमन. डोक्यावरचा पदर खांद्यावर, मिलोची लाल भाकरी खात खात कुणाची तरी नक्कल करत होती, आणि बाया खिदळत होत्या. ही सुमन? आणि तिच्या मांडीवर, दोन्हीकडं पाय सोडून, छातीला टेकून भीमा!

हातातली पिशवी मी तिथंच खडीवर टाकली.

"तुला येतं? मग घरी का दातखीळ बसते?" मी विचारलं.

सुमन खाली बघून हसली. उत्तर लंकाबाईनं दिलं. "अवो बाई, सासऱ्याम्होरं आपलंच लेकरू मांडीवर घिऊन लाड करीत बसायचं व्हय? कुन्या गावच्या म्हनायच्या तुमी!"

कुठल्या गावची? माझी आई सांगायची, आजोबा घरात असताना वडिलांनी मला कधी उचललं नाही. मला वाटायचं त्यांना मुलांची आवड नव्हती. इतकी वर्षं मी तसंच समजत आले. आणि इथं मी प्रत्येक वेळी म्हाताऱ्याला आग्रहानं बोलावून समोर बसवत होते!

"आणि ठकीचं? तेही माहीत होतं?"

"ठाव हुतं," सुमन म्हणाली. "पर आत्याबाई इतक्या भक्तीनं करायच्या. कसं सांगायचं?"

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. वेळ थोडा होता, मुकादम येरझारा घालत होता. सुमन पाय फाकवताना ओढत होती, भीमा ताठत होती. माझे हात शिवशिवले. पोरीला नाही धरलं. सुमनच्या हातांवर हात ठेवले. हातोड्यानं तिच्या तळव्यांना फोड आलेले, ते मला माझ्या तळव्याखाली लागत होते. "ओढायचं नाही. धरायचं आणि थांबायचं." दोघी थांबलो. मला थांबणं किती जड जातं! आणि मग ते पाय सैल पडले, माझ्या हातांखालच्या तिच्या हातांना आधी कळलं.

मोठ्या बाईंचा प्रश्न नाइलाजानं विचारला. "काय केलंस तेव्हा सैल पडले?"

सुमननं जरा विचार केला. "मी गप बसले तवा. अन् तुमी बी."

लंकाबाई पदरात तोंड खुपसून हसली. हसू दे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आता मी घरी जातच नाही, सरळ खडीवर. मुकादम म्हणतो ही काय शाळा आहे का. त्याला म्हटलं, सुट्टी तिची आहे, पोर तिची आहे, तुमचं काय जातं?

सुमन दमलेली असते. आज भीमाला धरल्या धरल्या डुलकी लागली तिला. चिडून हलवणार होते, तर बघितलं की भीमा तिच्या मांडीवर कामावर वाटलेली सुकडी चिवडत बसलीय, आईचे हात छातीवरून घसरून कमरेपर्यंत आलेले. छातीचा आधार सुटला तरी पोर पडली नव्हती. मग मी कोणालाच हलवलं नाही. उन्हात उभी राहिले.

पण पाडवा जवळ येतोय. आणि मांडीवर बसणं वेगळं, जमिनीवर बसणं वेगळं. जमिनीवर ठेवली की पाठीची धनुकली होते आणि कपाळ मातीत.

१० फेब्रुवारी, शनिवार

"या आठवड्यात काय केलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. "उभी राहिले."

मोठ्या बाई हसल्या. या बाईंना कधी हसू येईल सांगता येत नाही.

६ मार्च, मंगळवार

जमिनीवर नाहीच. पुन्हा कपाळ मातीत. सुमन म्हणाली, "बाई, तुमचा जीव लई उतावळा. पोर बिचकती." जिची पोर तिला घाई नाही आणि मी रात्रंदिवस तेच धरून बसलेय! छबूबाई लेकीकडून परतली, म्हणजे पोर उद्यापासून पुन्हा घरी, म्हाताऱ्यासमोर. झालं. सगळं मुसळ केरात.

२७ मार्च, मंगळवार

खडीचं काम दोन दिवस बंद होतं, म्हणून घरीच जावं लागलं. घरात काही होणार नाही हे आता मला ठाऊक आहे. म्हटलं, निदान ठकी तरी परत न्यावी. कर्जतकडच्या एका घरी हवी आहे, आणि या वेळी ती कशी वापरायची हे मला कळलंय.

म्हाताऱ्यानं आज कमालच केली. मला पाहिल्या पाहिल्या आपलं घोंगडं उचललं, अंगणाच्या कडेला पसरलं आणि घराकडं चक्क पाठ करून बसला. रामराम नाही, पाणी घ्या नाही. मी पाडव्याच्या आत शेवटची आलेय आणि हा माणूस माझं तोंडही बघायला तयार नाही! असू दे.

"ठकी द्या," मी छबूबाईला म्हटलं.

"ठकी? ती देवीला वाहिली की. काल."

"वाहिली? अहो, ती संस्थेची वस्तू होती! मी काय सांगू तिकडं? माळावर देवीपाशी आहे म्हणून सांगू?"

"काम झालं तिचं. मग घरात कशाला ठिवायची?"

"काम झालं?" माझा आवाज चढला. चार महिन्यांचं सगळं त्या आवाजात आलं असेल. "कुठं झालंय काम? पोर बसलीय का अजून? जमिनीवर बसली कुठंय ती? आणि बसली तरी ते तुमच्या ठकीनं नव्हे, ते..."

छबूबाई माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या मागं बघत होती, तोंडावर पदर धरून. मी वळले.

शेणानं सारवलेल्या ओसरीवर भीमा बसली होती. गुडघे दोन्हीकडं दुमडलेले, पुढं जमिनीवर दोन तळवे, बेडकीसारखी. मान डगडगत होती, मला पाहून हसली. सुमन तिच्या मागं गुडघ्यांवर, हात पोरीच्या दोन्ही बाजूंना, पण टेकलेले नाहीत. माझे दोन्ही हात आपोआप पुढं गेले.

"बाई," सुमन हळूच म्हणाली. "हात."

मी हात मागं घेतले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.

अंगणातून म्हाताऱ्याचा आवाज आला. पाठ तशीच. "बसली का?"

सून सासऱ्याला उत्तर देणार नाही, छबूबाई पदरानं डोळे पुसत होती. म्हणजे मीच उरले. "बसली," म्हटलं.

त्यानं पाठ न वळवताच घोंगडं सारखं केलं. मग म्हणाला, "मंग, बगू का?"

हे मला विचारलं नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की सुमनला पोर मांडीवर घेता यावी म्हणूनच तो तिथं पाठ करून बसला होता, आणि छबूबाई लेकीकडून परतल्यापासून रोज तिथंच बसत असेल.

सुमननं पदर नीट डोक्यावर घेतला. पोरीवरची नजर न काढता मला म्हणाली, "बगा म्हनावं."

"बघा म्हणते," मी सांगितलं.

कोंडीराम घोंगड्यावरून हळूहळू वळला. आणि नेमकी तेवढ्यात भीमा डाव्या अंगाला कलंडली. कोणी ओरडलं नाही, मीसुद्धा नाही. सुमननं तिला उचललं, मांडीवर घेऊन पाय सैल होईपर्यंत थांबली, आणि पुन्हा जमिनीवर बसवलं, सासऱ्याच्या देखत.